लॅपटॉपमधला डग्गा कुठं जातो?

आमच्या भागातल्या माणसाला हलगी आणि घुमकं यातला फरक समजावून सांगावा लागत नाही. हलगी कडाडते, कैताळ किणकिणतं आणि घुमकं खालून घुमत राहतं. हलगी कानाला लागते, घुमकं पोटात लागतं. गजी नाचाचा धनगरी ढोल तर शंभर पावलांवरून छातीत वाजतो. लहानपणी आम्ही जतच्या यल्लम्माच्या जत्रेला जायचो तेव्हा गर्दीत काही दिसायचं नाही, पण ढोल कुठल्या अंगाला आहे ते छातीला कळायचं.

आता हाच प्रकार लॅपटॉपवर लावून बघा. हलगी येते, खणखणीत येते. कैताळ येतं. सनई तर जरा जास्तच येते. घुमकं मात्र गायब! वाजवणाऱ्याचा हात हलताना दिसतो, काठी चामड्यावर पडताना दिसते, पण आवाजाच्या नावानं एक बारीकसं 'टप्प'. वराती पुढं निघाल्यात आणि घुमकंवाला घरी राहिलाय असं वाटतं.

हे लिहायचं कारण नुसती हौस नाही. या गायब घुमक्यापायी आमच्या घरात तीन आठवडे एक पोरगं गप्प बसलं होतं. ते सांगतो आणि लॅपटॉपचा आवाज असा पोकळ का येतो, त्यावर काय करता येतं, काय करता येत नाही, हेही सांगतो. मी मराठीचा मास्तर, विज्ञानाचा नव्हे. पण निवृत्त माणसाकडं वेळ असतो आणि मास्तराला मुळापर्यंत गेल्याशिवाय चैन पडत नाही. :)

तर झालं असं. माझा नातू चौदा वर्षांचा. अमेरिकेत न्यू जर्सीला असतो. पाच वर्षं तबला शिकतोय. गेल्या पावसाळ्यात (पावसाळा म्हणजे आमच्या जतला तो असतो असं पंचांगात लिहिलेलं असतं) त्यानं तीनतालातला एक कायदा वाजवून त्याचं चित्रीकरण पाठवलं. सोबत निरोप, "आजोबा, अण्णा आजोबांना पण ऐकवा."

अण्णा म्हणजे माझे थोरले बंधू. वय एक्याऐंशी. पन्नासएक वर्षं भजनी मंडळात पखवाज वाजवला. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक किती लावायची, किती ओली लावायची, यावर अजूनही तरुण पोरांना बोलणी देतात. अण्णा आले, खुर्चीत बसले, लॅपटॉपवर सगळं नीट ऐकलं आणि म्हणाले, "मास्तर, पोराची बोटं झ्याक फिरत्यात. पन डाव्या हाताला जीवच न्हाई बघ. डग्गा बोलतच न्हाई."

सूनबाई तेव्हा फोनवर होत्या. त्यांनी ते पोराच्या कानावर घातलं. पोरगं हिरमुसलं. कारण त्याचे तिथले गुरुजी नेमकं उलट सांगत होते, तुझा डावा हात चांगला आहे, उजव्यावर मेहनत घे. दोन जाणती माणसं, दोन्ही खरं बोलणारी, आणि निकाल दोन टोकांचे. पोरानं पुढचं काही पाठवायचं बंद केलं. विचारलं की "बघू आजोबा, नंतर" एवढंच.

अण्णा कधी उगीच बोलत नाहीत आणि पन्नास वर्षांचा कान काही खोटा नाही. गुरुजींनाही पोराची खुशामत करायचं कारण नाही. मग फरक कशात? गुरुजी समोर बसून ऐकतात. अण्णांनी लॅपटॉपवर ऐकलं. शोध इथून सुरू करायला हवा, हे उघड होतं.

पहिला प्रश्न : आवाज मुळात आत आहे का?

आवाज जिथून निघतो आणि जिथं पोचतो, यात बरीच नाकी असतात. वाद्य, माईक, फाईल, लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर, स्पीकर आणि शेवटी आपला कान. कुठल्या नाक्यावर माल उतरवून घेतला गेला ते एकेक करून बघायचं. सगळ्यांत सोपी परीक्षा म्हणजे तीच फाईल त्याच लॅपटॉपला इअरफोन लावून ऐकणं. मी लावला, आणि डग्गा हजर! चांगला गोल, घुमारेदार. मनगटानं दाबून आवाज वर नेलेलाही स्पष्ट ऐकू येत होता. म्हणजे माईक निर्दोष, फाईल निर्दोष, पोरगं तर निर्दोषच.

हा प्रश्न आधी विचारायचा याला आणखी एक कारण आहे. काही ध्वनिमुद्रणांत खालचा आवाज मुळातच नसतो. १९२५ च्या सुमाराला विजेच्या माईकनं ध्वनिमुद्रण सुरू झालं. त्याआधी गवई एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचा आणि त्या हवेच्या जोरावर सुई मेणात रेघ ओढायची. त्या पद्धतीत अगदी खालचे आणि अगदी वरचे आवाज उमटतच नसत. आमच्या जिल्ह्याचं भूषण म्हणजे मिरजेचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७). त्यांच्या विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातल्या तबकड्या ऐकताना तबल्याचा डग्गा शोधू नका, हजारो रुपयांचा स्पीकर आणला तरी तो सापडायचा नाही. जे कोरलंच गेलं नाही ते वाजणार कुठून?

दुसरा प्रश्न : कान तर गेले नाहीत?

डग्गा इअरफोनमध्ये आहे हे अण्णांना सांगितलं तर ते एकदम गंभीर झाले. म्हणाले, "मग माझंच कान गेलं म्हनायचं." आणि गप्प झाले. ज्या माणसाचं सगळं आयुष्य कानावर चाललं, त्याच्या तोंडून हे ऐकणं सोपं नव्हतं. खरं सांगायचं तर पोराच्या रुसव्यापेक्षा मला याचीच जास्त काळजी वाटली.

पण म्हातारपणी कान जातात ते कसे जातात? वरून जातात. आवाजाची पट्टी मोजायचं माप म्हणजे सेकंदाला किती कंपनं, त्याला हर्ट्झ म्हणतात. तरुण निरोगी कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. वय वाढलं की आधी वरचं टोक झिजायला लागतं. म्हणून म्हाताऱ्या माणसाला कुणी बोलतंय हे कळतं, पण काय बोलतंय ते कळत नाही. 'स', 'श', 'फ' असल्या वर्णांचा सूक्ष्म भाग वरच्या पट्टीत असतो, तो निसटतो. पाखरांची बारीक चिवचिव निसटते. घुमकं निसटत नाही, ते शेवटपर्यंत साथ देतं.

ही गोष्ट नुसती सांगून अण्णांना पटणार नव्हती. इंटरनेटवर एका ठरावीक कंपनसंख्येचा सूर वाजवणारी फुकट साधनं मिळतात. इअरफोन त्यांच्या कानात नीट बसवला आणि सूर खाली खाली आणला. २००, १००, ८०, ६०. अण्णा दरवेळी बोट वर करत होते. मग वर नेला. ८,००० ला त्यांचं बोट खालीच राहिलं. म्हटलं, "अण्णा, तुमचं गेलंय ते वरचं. खालचं सगळं शाबूत आहे." चेहऱ्यावर जे आलं ते काय सांगू! लगेच म्हणाले, "मग तुझ्या त्या डब्यातच खोट हाय."

समवयस्क मंडळींनो, ही घरगुती गंमत म्हणजे वैद्यकीय तपासणी नव्हे. एका कानानं कमी येत असेल, अचानक कमी झालं असेल, तर कानाच्या डॉक्टरांकडंच जायचं.

तिसरा प्रश्न : डब्यातली खोट कुठली?

आता तेच सूर इअरफोन काढून लॅपटॉपच्या अंगच्या स्पीकरवर वाजवले. ४४० ला स्वच्छ आवाज. ३०० ला बरा. २०० ला निम्मासुद्धा नाही. १५० ला आवाजाऐवजी कळफलकाखाली थोडी थरथर. १०० ला शून्य. घरातल्या पेटीवर सांगायचं तर मधल्या सप्तकातला पांढरी एकचा सा साधारण २६२ हर्ट्झचा, खर्जातला त्याच्या निम्मा, १३१. म्हणजे माझा लॅपटॉप मधल्या सप्तकाच्या खाली उतरला की धापा टाकायला लागतो. आणि डग्ग्याचं घुमणं तर शंभरच्या आसपास आणि त्याही खाली.

हे असं का? तर आवाज म्हणजे हवा हलवणं. वरच्या आवाजाला हवा थोडी हलवली तरी पुरते, खालच्याला पुष्कळ हलवावी लागते. हिशेब असा आहे की आवाजाचा जोर तोच ठेवून एक सप्तक खाली यायचं असेल तर चौपट हवा हलवावी लागते. दोन सप्तकं खाली यायचं तर सोळापट. तीन सप्तकं, चौसष्टपट. लॅपटॉपच्या पोटात बसणारा स्पीकर नखाएवढा, फार तर बिस्किटाएवढा. त्याचा पडदा पुढं-मागं सरकायला जागा केसभर. तो सोळापट हवा आणणार कुठून? जितका लॅपटॉप पातळ तितकी अडचण जास्त. आपणच दुकानात 'हलका दाखवा, पातळ दाखवा' म्हणतो, मग डग्गा कुठं ठेवणार तो बिचारा!

जुने रेडिओ आठवा. मर्फीचा तो लाकडी रेडिओ, पुढं कापड, आत पसाभर रुंदीचा कागदी पडद्याचा स्पीकर. बातम्या देणाऱ्याचा आवाजसुद्धा भरदार वाटायचा. त्याच्या आत फार काही अक्कल नव्हती, पण हवा हलवायला पडदा मोठा आणि घुमायला लाकडाची पेटी होती. आणि आजची डॉल्बी बघा. (आमच्याकडं मिरवणुकीतल्या त्या स्पीकरच्या भिंतीला डॉल्बीच म्हणतात.) तिच्यातला एकेक पडदा परातीएवढा. ती चौकात वाजली की इथं कपाटातली भांडी वाजतात. एकाच संध्याकाळी बाहेर बेसनं खिडक्या हादरतायत आणि आत माझ्या लॅपटॉपमध्ये त्याच बेसचा थेंब नाही, असा योग आम्ही गणपतीत अनुभवला आहे.

मग तानपुरा कसा ऐकू येतो?

इथं मला एक शंका आली आणि ती मला फार आवडली, म्हणून सांगतो. मिरज आमच्याच जिल्ह्यातली. तिथल्या सतारमेकर गल्लीतले तानपुरे देशभर जातात. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पुरुषी तानपुऱ्याची खर्जाची तार काळी एकच्या सुराला साधारण ६९ हर्ट्झला लागते. म्हणजे डग्ग्यापेक्षाही खाली. तरी लॅपटॉपवर तानपुरा लावला की खर्ज ऐकू येतोच की! लॅपटॉप ६९ काढू शकत नाही, मग कान ऐकतो ते काय?

याचं उत्तर असं की एक तार छेडली की एकच सूर निघत नाही. ६९ च्या बरोबर त्याची दुप्पट, तिप्पट, चौपट अशी पुष्कळ पोटसुरांची रांग निघते. १३८, २०७, २७६ आणि असेच वर. मिरजेचे कारागीर घोडीवर जवारी काढतात आणि तारेखाली सूत सरकवतात ते याच पोटसुरांना जाग आणायला. लॅपटॉप रांगेतले पहिले दोन गडी गाळतो, पण पुढची रांग नीट उभी असते. आणि आपला मेंदू त्या रांगेतल्या अंतरावरून ओळखतो की हे सगळे ६९ च्याच घरचे आहेत. जो आवाज खोलीत नाही तो मेंदू आपल्या पदरचा घालतो! टेलिफोनवर आपण हेच वर्षानुवर्षं करत आलोय. जुना टेलिफोन ३०० ते ३,४०० हर्ट्झच्या दरम्यानचंच काय ते पाठवायचा. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर असतो शंभर-सव्वाशेच्या घरात. तरी दादांचा आवाज दादांचाच वाटायचा, बायकी वाटायचा नाही.

डग्ग्याच्या 'घे'ला मात्र असा मोठा लवाजमा नसतो. त्याचं सगळं बळ त्या एका खालच्या घुमाऱ्यात. तो गेला की मेंदूला अंदाज बांधायला फारसं काही उरत नाही. उजव्या तबल्याचं तसं नाही. त्याच्या मधोमध लावलेल्या शाईमुळं चामड्याचे पोटसूर तारेसारखे सुरेल रांगेत येतात, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत दाखवून दिलं. नोबेल मिळण्याआधी दहा वर्षं हा माणूस आपल्या मृदंग-तबल्याची शाई तपासत होता, हे वाचून मला फार आनंद झाला. तर उजवा तबला लॅपटॉपमधून सहीसलामत येतो, तानपुरा येतो, आणि डग्गा वाटेत राहतो.

मास्तराच्या विषयातली एक गोष्ट

आता माझ्या विषयाकडं येतो. तबल्याचा 'धा' म्हणजे काय? उजव्यावर 'ना' आणि डाव्यावर 'घे', दोन्ही एकदम. 'धिं' म्हणजे उजव्याचा 'तिं' आणि डाव्याचा 'घे'. डग्गा काढून घेतला की 'धा'चा 'ता' होतो, 'धिं'चा 'तिं' होतो. व्याकरणात आम्ही शिकवायचो, त आणि थ हे कठोर वर्ण, अघोष. द आणि ध हे मृदू वर्ण, सघोष. मुलांना गळ्यावर बोटं ठेवून म्हणायला लावायचो. 'त' म्हणताना सुरुवातीला गळा थरथरत नाही, 'द' म्हणताना थरथरतो. ज्या कुणी जुन्या पखवाजियांनी-तबलजींनी हे बोल बसवले त्यांनी घुमणाऱ्या आघाताला घोष वर्ण दिला आणि न घुमणाऱ्याला अघोष. केवढा नेमका कान! चाळीस वर्षं गळ्यावर बोटं ठेवायला लावली, पण हे कधी लक्षात आलं नव्हतं. ते एका बिघडलेल्या आवाजानं लक्षात आणून दिलं.

आणि यातून तीनतालाचं काय होतं ते बघा. तीनतालात तिसऱ्या विभागाला खाली असते, तिथं डग्गा मिटतो. 'धा धिं धिं धा' चालू असतं आणि नवव्या मात्रेला 'धा तिं तिं ता' येतं. गवई, नर्तक, ऐकणारा, सगळे या डग्ग्याच्या मौनावरून आपण आवर्तनात कुठं आहोत ते ओळखतात. लॅपटॉपवर डग्गा कायमचाच मौनात. म्हणजे सगळा ताल खालीच! भरी कुठली आणि खाली कुठली हे कळायचा मार्गच बंद. अण्णा म्हणाले की डाव्या हाताला जीव नाही. त्यांच्या कानापर्यंत जे पोचलं त्यावरून दुसरं काय म्हणणार होते?

काय करून पाहिलं आणि काय उपयोगी पडलं

सॉफ्टवेअरमधून पहिला प्रयत्न. विंडोजमध्ये साउंडच्या सेटिंगमध्ये स्पीकरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'एन्हान्समेंट्स' म्हणून भाग असतो (प्रत्येक लॅपटॉपवर तो दिसेलच असं नाही, ते ड्रायव्हरवर असतं). त्यात 'बेस बूस्ट' आहे. तो लावला. डग्गा आला नाही, पण आवाज मोठा केल्यावर फाटायला मात्र लागला. साहजिक आहे. अशक्त बैलाला चाबूक मारून नांगर ओढला जात नाही. हलक्या हातानं लावला तर दीडशे-दोनशेच्या आसपासचा भाग थोडा भरतो, भजनातला पुरुषी आवाज बरा वाटतो, एवढाच फायदा. काही लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर जास्त हुशार असतं. ते खालचा सूर वाजवायच्या भानगडीत न पडता त्याचे पोटसूर वाढवतं आणि बाकीचं काम मेंदूवर सोपवतं, तानपुऱ्यासारखं. ते असेल तर जरूर चालू करा.

ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि आवाजाचं यंत्र यांच्यातला दुभाषा. विंडोज नव्यानं टाकल्यावर आवाज एकाएकी पोकळ झाला असेल तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून त्याच मॉडेलचा ऑडिओ ड्रायव्हर घेऊन टाकावा. 'पूर्वी बरा होता, आता बिघडला' अशी तक्रार असेल तर हा उपाय आधी. माझा पहिल्यापासूनच तसा होता, त्यामुळं मला फरक पडला नाही.

जागा. बऱ्याच लॅपटॉपचे स्पीकर खालच्या अंगाला असतात. सोलापुरी चादरीवर ठेवून ऐकलं तर तोंडावर उशी दाबल्यासारखा आवाज येतो. लाकडी टेबलावर ठेवला की लगेच उघडतो. यानं डग्गा येत नाही, पण बाकीचं नीट येतं.

आवाजाची पातळी. कान हळू आवाजात खालचे सूर आणखीच कमी ऐकतो. म्हणून तर जुन्या टेपरेकॉर्डरवर 'लाउडनेस'चं बटण असायचं. घरातली झोपलीत म्हणून बारीक आवाजात तबला ऐकू नका आणि ऐकून मत तर देऊच नका.

इअरफोन. सगळ्यांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय. त्याचा पडदा शेंगदाण्याएवढा असूनही डग्गा येतो, कारण त्याला खोलीभर हवा हलवायची नसते, कानाच्या बोळातली चिमूटभर हलवायची असते. मात्र तो कानात घट्ट बसला पाहिजे. सैल बसला, फट राहिली, की बेस त्या फटीतून निघून जातो. बिनतारी इअरफोन असेल आणि बोलायचा माईकही त्याचाच चालू असेल तर पुष्कळदा सगळा आवाजच टेलिफोनसारखा चपटा होतो. अशा वेळी गाणं ऐकताना लॅपटॉपचा माईक निवडावा.

बाहेरचा स्पीकर. इअरफोननं माझं काम झालं असतं, पण अण्णांना कानात काही घातलेलं आवडत नाही. माळ्यावर जुन्या टेपरेकॉर्डरचे दोन लाकडी खोके पडले होते. पुतण्यानं एक छोटा अँप्लिफायर आणून ते लॅपटॉपच्या इअरफोनच्या भोकाला जोडून दिले. आवाज मोठा झाला, तरी डग्गा लाजल्यासारखाच! मग एक गंमत कळली. बॅलन्स पूर्ण एका बाजूला नेला, म्हणजे एकच खोका वाजवला, की डग्गा वाढायचा. दोन्ही वाजले की कमी. याचा अर्थ एका खोक्याच्या तारा उलट लागल्या होत्या. एक पडदा पुढं ढकलतो त्याच वेळी दुसरा मागं ओढतो, आणि खालचे आवाज एकमेकांना खाऊन टाकतात. एकाच खोक्याची लाल आणि काळी तार आलटून-पालटून लावली आणि घरात डग्गा घुमला. खोके कोपऱ्याजवळ भिंतीला सरकवले तर आणखी भरला.

अण्णांना बोलावलं. काही न सांगता तोच कायदा लावला. पहिल्या आवर्तनाला त्यांनी मान वर केली. दुसऱ्याला मांडीवर डावा हात पडायला लागला. खाली आली तिथं हात उचलून धरला, भरीला बरोबर टाकला. संपल्यावर म्हणाले, "परत लाव." तीनदा ऐकलं. मग म्हणाले, "लाव त्याला फोन."

फोनवर अण्णा एवढंच बोलले, "बाळा, त्या दिशी मला डग्गा ऐकूच आला न्हवता. आज आला. मनगाट चांगलं सरकतंय तुझं. फकस्त चौपटीला घाई करतोयस, दम धर." पलीकडं क्षणभर शांतता. मग पोरगं म्हणालं, "गुरुजी पण तेच म्हणाले, अण्णा आजोबा." आणि तिकडून लगेच वाजवायलाच बसलं.

पण तेही ऐकू येईना! बोलणं स्वच्छ, तबला मात्र सुरू झाला की तुटक तुटक. ही आणखी एक भानगड. व्हिडिओ कॉलचं सॉफ्टवेअर माणसाचं बोलणं तेवढं ठेवतं आणि बाकीच्याला गोंगाट समजून कापतं. पंखा, मिक्सर आणि आमच्या पोराचा तबला त्याच्या लेखी सारखेच. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' नावाची सोय आहे, ती वाजवणाऱ्यानं आपल्या बाजूला चालू करायची म्हणजे ही कापाकापी थांबते. ज्यांची नातवंडं परदेशातून गाणं-वाजवणं ऐकवतात त्यांनी हे त्यांना जरूर सांगावं. तरीही कॉलवर ऐकून कौतुक करावं, मत द्यायचं असेल तर ध्वनिमुद्रण मागवून, नीट स्पीकरवर ऐकूनच द्यावं.

आता नातेवाईक मंडळींना एक विनंती. आपल्याकडं पुष्कळ घरांत जुन्या कॅसेटी फोनवर नाहीतर लॅपटॉपवर उतरवून ठेवल्यात. आईच्या जात्यावरच्या ओव्या, गावातलं भजन, कुणाच्या लग्नातली वाजंत्री. 'आवाज नीट आला नाही' म्हणून कुणी त्या पुसून टाकू नका आणि मूळ कॅसेट फेकू नका. आधी एकदा चांगला इअरफोन लावून ऐका. ओव्यांच्या मागं जात्याची घरघर असते. लॅपटॉपवर ती जवळजवळ येतच नाही आणि नुसता गळा उघडा पडल्यासारखा वाटतो. कॅसेटमध्ये ती असू शकते.

अण्णा हल्ली दर रविवारी संध्याकाळी येतात. पुतण्याच्या त्या खोक्यांसमोर बसतात आणि न्यू जर्सीचा आठवड्याचा रियाज ऐकतात. चौपट अजून घाईत जाते म्हणे. तुमच्यापैकी कुणी लॅपटॉपच्या आवाजासाठी आणखी काही उपाय केला असेल तर मला अवश्य कळवा, करून बघीन.